ऊसतोडीचा कोयता: लोहाराकडून घडवून घ्यावा की दुकानातून तयार?

पहिल्या दिवशी दोन्ही कोयते सारखेच चालतात. फरक पडतो तो धार किती दिवस टिकते यात, आणि ते ठरतं पोलादावर नि त्याला दिलेल्या पाण्यावर, म्हणजे पातं लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करण्यावर.

लोहार बहुधा गाडीचा जुना कमानपाटा (चाकावरच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी) वापरतो. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, म्हणून तो पाणी धरतो. साध्या लोखंडी पट्टीत तो जेमतेम ०.२ टक्के, तिला कितीही पाणी पाजा, ती मऊच राहते. स्वस्त तयार कोयत्यात हीच भीती, कारण रंगाखाली काय आहे ते दिसत नाही. चांगल्या पोलादाचे तयार कोयतेही मिळतात, फक्त पारखून घ्या. धारेवर बारीक कानस हलकेच ओढा. लोखंड सहज खरवडलं तर पातं मऊ. कानस नुसतीच घसरली तर फार कडक; दगडाला लागताच दात पडतील. थोडी धरली, थोडी निसटली की जमलं. काठावर निळे डाग दिसले तर तो कोयता ठेवून द्या: मशीनवर घासताना धार तापलीय आणि पाणी उतरलंय.

घडवून घेताना भट्टीपाशी थांबा. पाट्याच्या मधल्या बोल्टाच्या भोकाजवळचा तुकडा घेऊ देऊ नका, तिथे बारीक चीर असू शकते. तापलेल्या पात्याला लोहचुंबक चिकटेनासं झालं, की अजून थोडी आच देऊन फक्त काठ बुडवायचा. कमानपाट्याला तेल बरं. गार पाण्यात तो तडकण्याची भीती असते. मग काठ घासून उजळला, की पाठीची ऊब तिकडे सरकते आणि रंग चढत जातो: पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. कोयत्याला तपकिरी-जांभळ्यावर थांबवलेलं चांगलं. पिवळ्यावर थांबलं तर धार तुटते, निळ्याच्या पुढे गेलं तर मुडपते.

टोळीला एकदम दहा-बारा हवे असतील, तर तयारच सोयीचे. डावखुऱ्याने मात्र लोहाराकडेच जावं. एकाच अंगाने धार लावायची तर ती त्याच्या हाताप्रमाणे लावून मिळते. मूठही मापाची होते: बाभळीची, तोंडाशी शेंबी, म्हणजे लोखंडी कडी, घट्ट बसवलेली.

शिवाय जाड पाठीचा घडीव कोयता झिजला की शेवटून, म्हणजे तापवून ठोकून धार पुन्हा काढून, घेता येतो, पुन्हा पाणी देता येतं. पातळ पट्टीच्या कोयत्यात ठोकायला लोखंडच उरत नाही. म्हणून जाण्यायेण्याच्या टप्प्यात भट्टी असेल, तर घडीवच घ्या, आणि दसऱ्याच्या बऱ्याच आधी सांगून ठेवा. खंडेनवमीला पूजेत मांडायच्या आधी तो दोन दिवस वापरून झालेला असावा, म्हणजे मूठ हलली किंवा धार मुडपली तर दुरुस्तीला वेळ राहतो.