ओळ, पान की नॅरेशन? कथेचा पिच सुधारताना आधी काय हाती घ्यावं

हाताशी एक लघुकथा आहे, तिची पटकथा व्हावी असं वाटतंय, पण निर्मात्याला पाठवायला जे लिहिलंय, म्हणजेच पिच, ते काही केल्या जमत नाही. अशा वेळी दुरुस्ती तीन ठिकाणांहून सुरू करता येते: एका वाक्यातली लॉगलाइन (पुढे नुसतं ‘ओळ’), एका पानाचा सारांश (‘पान’) आणि नॅरेशन, म्हणजे समोर बसून तोंडी गोष्ट सांगणं. तिन्ही शेवटी लागतातच. प्रश्न एवढाच, की आधी वेळ कशावर घालवायचा.

इंदूरमधलं एक कल्पित कथानक घेऊ. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या हाती थकलेली देणी पडायला २०२३चा डिसेंबर उजाडला. मिल बंद, तरी अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघत राहिल्या. यावर कथा लिहिणारा माणूस पहिल्या झटक्यात काय लिहितो? ‘बंद मिलमधल्या एका वृद्ध कामगाराची आणि त्याच्या आठवणींची हृदयस्पर्शी कहाणी.’ यात कोण काय करतंय, काहीच कळत नाही. ‘हृदयस्पर्शी’ हे तर वाचणाऱ्यानं ठरवायचं.

आता हे बघा: ‘थकलेल्या पैशांची वाट पाहून कंटाळलेला मिलचा सुतार यंदाची झांकी स्वतः उभी करायचं ठरवतो, पण त्यासाठी त्याला नातीच्या फीसाठी साठवलेल्या पैशांना हात लावावा लागतो.’ माणूस आहे, त्याला काहीतरी हवंय, आणि ते मिळवायची किंमत घरातलंच कुणीतरी मोजणार आहे. हे वाक्य लिहिताना लेखकाला एक निर्णय घ्यावा लागला: नातीची फी. मूळ कथेत तो नसेल तर कथेतच भोक आहे, आणि लॉगलाइन ते तिथल्या तिथे दाखवते. पंचवीस-तीस शब्दांत लपायला जागाच नसते.

पानाचं उलट आहे. आपण मराठी लिहिणारी माणसं वर्णनात रमतो. इंदूरच्या राजवाड्यावरची गर्दी, पहाटेपर्यंत चालणारी मिरवणूक, दिव्यांचा झगमगाट. पान सुंदर होतं आणि मधला अर्धा भाग रिकामा आहे हे आपल्यालाही कळत नाही. पण पानाला एक काम येतं, जे ओळीला येत नाही: शेवट सांगणं. सारांशात शेवट झाकून ठेवायचा नसतो. ‘पुढे काय होतं ते पडद्यावरच पाहा’ असं लिहिलेलं पान वाचणारा बाजूला ठेवतो, कारण लेखकाला शेवट सुचलेला नाही अशी त्याला शंका येते. सुतार झांकी पूर्ण करतो का, नातीला कधी कळतं, ती काय करते, हे सगळं वर्तमानकाळात, घडेल त्या क्रमानं यायला हवं. मनातल्या मनात चाललेल्या गोष्टी इथेच गळतात. कथेत ‘त्याला अपराधी वाटलं’ चालतं. पानावर तो नातीच्या शाळेसमोरून जायचं टाळतो, असं लिहावं लागतं.

पानाच्या बाजूनं आणखी एक व्यवहाराची गोष्ट. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये हे स्पष्ट केलंय. संरक्षण मिळतं ते मांडणीला. म्हणजे ओळ हाती देऊन बसणं धोक्याचं. भरीव पान, शक्य तर त्याहून सविस्तर मजकूर, मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून मगच फिरवावा.

नॅरेशनबद्दल थोडक्यात. हिंदी सिनेमात त्याचं वजन मोठं, आणि ज्याला सांगता येतं तो सामान्य गोष्टही विकून येतो. दुरुस्तीचं साधन म्हणून मात्र ते सरावापुरतंच ठेवा. पाच मिनिटांत कुणाला तरी गोष्ट सांगा आणि त्याचं लक्ष मोबाइलकडे कुठे गेलं ते टिपून ठेवा. ऐकणारा घरचा नको. घरचे लोक कौतुक करतात किंवा चहाचं विचारतात.

माझं मत सरळ आहे: आधी ओळ, मग पाच मिनिटांचं सांगणं, पान शेवटी. अपवाद एकच. तुमची कथा घटनेपेक्षा वातावरणावर उभी असेल, एका वाड्यातली एक दुपार, दोन बहिणींमधलं न बोललेलं काहीतरी, तर ओळ तिला न्याय देणार नाही. ओढूनताणून ‘पण’ घुसवलात तर कथा हातची जाईल. तिथे पानापासूनच सुरुवात करा, आणि ते प्रसंगांनी भरा, विशेषणांनी नाही.

राहिला भाषेचा प्रश्न, जो पुण्यातल्या लेखकापेक्षा हिंदी मुलखात राहणाऱ्या इंदूरच्या मराठी लेखकाला जास्त छळतो. पान मराठीत लिहून मग हिंदीत उतरवलं की सुतार आकाशवाणीवरच्या निवेदकासारखा बोलू लागतो. हिंदी निर्मात्याकडे जायचं असेल तर पान थेट हिंदीतच लिहा, आणि दोन-तीन संवाद घालायचेच असतील तर ते इंदूरच्या मालवा मिलच्या चौकात ऐकू येतात तसेच ठेवा. मराठी निर्मात्यासाठीही सुताराला सदाशिव पेठेतलं मराठी बोलायला लावू नका. आधी ओळ आणि पान ईमेलनं जाऊ द्या. बोलावणं आलं की मगच मुंबईला जाणाऱ्या अवंतिका एक्स्प्रेसचं तिकीट काढा.