मातीचे धरण: माथा उंचावावा की सांडवा रुंद करावा?

गोव्यातील सत्तरी, सांगे यांसारख्या, वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या तालुक्यांत पूरनियंत्रणाचे लहान मातीचे धरण सुरक्षित करण्यासाठी बहुधा माथा उंचावण्याचाच मार्ग सुचवला जातो, कारण वाढलेली उंची लोकांना दिसते. उंचीमुळे पूर अडवण्याची क्षमता वाढते हे खरे; पण तळ्यातील पातळीही चढली, तर भरावावरील दाब व झिरप वाढते आणि पाया सच्छिद्र जांभ्याचा असल्यास आतली माती हळूहळू वाहून जाऊन पोकळी पडू शकते. पायथ्याशी गढूळ पाझर दिसणे हे त्याचे गंभीर लक्षण होय.

दुसरा मार्ग सांडवा, म्हणजे जादा पाणी माथ्यावरून न जाता बाहेर सोडणारी वाट, रुंद करण्याचा. रुंद सांडव्याने खालच्या वस्तीकडे थोडे अधिक पाणी जाते, हा त्याचा खरा तोटा. मात्र पाणी माथ्यावरून वाहू लागले, तर मातीच्या भरावाला काही तासांत खिंडार पडते. म्हणून मला सांडवाच श्रेयस्कर वाटतो. उंची वाढवायचीच असेल, तर आधी गाळणीचा थर (माती अडवून पाणी जाऊ देणारा) व पायथ्याचा निचरा करावा. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १० मीटरपेक्षा कमी उंचीच्या धरणांना लागू नसल्याने तेथील तपासणी स्थानिक यंत्रणेवरच अवलंबून राहते.