वेळासला जाताय? मग राहा गावातच

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातलं समुद्रकाठचं गाव, इथल्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालतात. पिल्लं बाहेर पडायच्या सीझनला बरेच जण हरिहरेश्वरला रिसॉर्ट घेतात, बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला उतरून वेळासला येतात, पिल्लं बघतात, फोटो काढतात आणि परत. प्लीज असं नका करू, वेळासमधेच होमस्टेला राहा, आम्ही राहिलो आणि मनापासून आवडलं.

आधी अपेक्षा सांगते. हॉटेल नाही हे, लोकांचं राहतं घर आहे. मोठ्या खोलीत ओळीने गाद्या, संडास-बाथरूम सामाईक, एसी नाही, मार्चमधे दुपारी चांगलंच उकडतं. कोणाला स्वतंत्र रूम लागतच असेल तर बुक करतानाच विचारून घ्या.

जेवणाला मात्र पैकीच्या पैकी! सकाळी गरम घावन आणि चटणी, जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी, आणि एका रात्री उकडीचे मोदक, काकू आग्रह करकरून वाढत होत्या. सगळं जेवण शाकाहारी होतं, आम्हाला काही अडलं नाही.

आता गावात राहा असं का म्हणतेय ते. पूर्वी इथे कासवांची अंडी काढून खाल्ली, विकली जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे घरोघरी उतरायला लागले. म्हणजे आपण राहण्या-जेवण्याचे जे पैसे देतो ते थेट त्या घरात जातात, आणि किनाऱ्यावर कासव येणं गावाच्या फायद्याचं ठरतं. दिवसभरासाठी येऊन गेलो तर गावाला मिळतं काय, धूळ आणि प्लास्टिकच्या बाटल्या.

सकाळ-संध्याकाळ कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारे गावकरी, हॅचरीतल्या (अंडी आणून पुरतात त्या कुंपणाच्या जागेतल्या) घरट्यांवरच्या टोपल्या उचलून पिल्लं आलीत का बघतात. एका घरट्यात साधारण शंभरेक अंडी असतात आणि पिल्लं बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात, त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा दिसतीलच असं नाही. आम्हाला पहिल्या संध्याकाळी काहीच दिसलं नाही, दुसऱ्या सकाळी पिल्लं निघाली आणि तुरुतुरु पाण्याकडे गेली, अंगावर काटा आला अक्षरशः. मुक्काम ठेवण्याचा हाही फायदा.

एक गोष्ट फार खटकली, एक मोठा ग्रुप दोरीच्या आत घुसत होता, फ्लॅश मारत होता, कासवमित्र हात जोडून सांगत होते तरी ऐकेनात. अरे पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, तुमच्या फ्लॅशने ती वाट चुकतात! उचलायचं नाही, हात लावायचा नाही, इतकं तरी पाळा.

जमलं तर मधल्या वारी जा, शनिवार-रविवारी बीचवर खूप गर्दी होते. कॅश जवळ ठेवा, पाण्याची बाटली घरून न्या, काकू भरून देतात. आणि रेटवरून घासाघीस नका करू हो, दोन वेळचं ताजं जेवण आणि राहणं त्या पैशात कुठे मिळतं!