सिडकोतल्या मेक्सिकन टेकअवेचं पार्सल, दुसऱ्या दिवशी गरम केलं तर

चव चांगलीये, राजमा मस्त मुरलेला, पण बुरिटो, म्हणजे पोळीत राजमा-भात गुंडाळलेला रोल, एवढा मोठा की एका माणसाला संपतच नाही, म्हणून हा रिव्ह्यू उरलेल्याचाच समजा. मायक्रोवेव्हमधे फॉइलसकट तर घालूच नका, अन् फॉइल काढून नुसता घातला तरी मैद्याचा टॉर्टिया (बाहेरची पोळी) वातड होतो, मधला भात गारच. त्यापेक्षा मधोमध कापा, लेट्यूस अन् सावर क्रीम चमच्यानं काढून टाका, ओल्या टिश्यूत गुंडाळून मिनिटभर मायक्रोवेव्ह, मग भाकरीच्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर फिरवत राहा, तेल नको. चीज कडेनं सुटून तव्याला करकरीत पापुद्रा धरतं ना, तो ताज्यात पण नसतो बरं! केसाडियाला, म्हणजे चीज भरून दुमडलेल्या टॉर्टियाला, तर तवाच पायजे.

नाचोज (मक्याचे कुरकुरीत चिप्स) मात्र सालसा, म्हणजे टोमॅटोची चटणी, वरून ओतूनच पाठवायलेत, घरी येईस्तोवर लगदा, वेगळ्या डबीत द्या म्हणलं तर एक्स्ट्रा पैसे.

आणि रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी गरम करायची आपली सवय इथं नको. मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना तासाभरात फ्रिजमधे गेला पायजे, भातात एक जिवाणू असं विष सोडतो की ते उकळूनपण जात नाही.

साडेतीन स्टार, अर्धा नाचोजमुळे कापला.