डोनेपेझिलची गोळी की रिव्हास्टिग्मिनचा पॅच? खानदेशच्या उन्हात कोण टिकतं

अल्झायमरच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा या दोघांपैकी एक नाव असतं. आमचा कौल आधीच सांगून टाकतो: सुरुवात गोळीने करा. उलट्या थांबत नसतील किंवा आप्पा गोळी थुंकून टाकत असतील, तरच कातडीला चिकटवायचा पॅच. आणि आशा बेताचीच ठेवा. ७० गुणांच्या स्मरण-चाचणीत डोनेपेझिलने सहा महिन्यांत पडणारा फरक सरासरी अडीच-तीन गुणांचा. कुणाला बराच लागू पडतो, कुणाला काहीच नाही.

हे औषध करतं काय, हे कपाशीवाल्याला चटकन समजेल. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही कीटकनाशकं मारताना विषबाधा झाली की लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्याची बाहुली बारीक होते. कारण फवाऱ्याने अॅसिटिलकोलिनेस्टरेझ हे एन्झाइम बंद पाडलेलं असतं. अॅसिटिलकोलिन हा मज्जापेशींचा निरोप्या. निरोप पोचला की हे एन्झाइम त्याचे तुकडे करतं. अल्झायमरमध्ये निरोप्या तयार करणाऱ्या पेशीच मरत जातात, म्हणून उरलासुरला निरोप्या जरा जास्त वेळ टिकावा यासाठी गोळी तेच एन्झाइम अडवते, पण मोजून-मापून आणि पुन्हा सुटेल असं. पेशींचं मरण मात्र थांबत नाही. गोळी चालू असलेल्या माणसाला फवारणीला का पाठवायचं नाही, हेही यातच आलं.

डोनेपेझिल ५ मिलिग्रॅम, रात्री झोपताना. १० वर जायचं ते चार ते सहा आठवड्यांनी. घाई केली की मळमळ, जुलाब सुरू होतात, घरचे ‘पित्त झालं’ म्हणतात आणि गोळी परस्पर बंद होते. रात्री भीतीदायक स्वप्नं पडू लागली तर डॉक्टरांना विचारून सकाळी द्यावी. निम्मं औषध शरीराबाहेर पडायला सुमारे ७० तास लागतात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. नाडी मंद करते, त्यामुळे आधी ईसीजी काढलेला बरा. चक्कर येऊन पडले तर वयाच्या खात्यावर टाकू नका, आधी नाडी मोजा. वजनही दर महिन्याला बघायचं, भूक मरते.

औषध वाया जातं ते बहुधा दुसऱ्याच गोळीमुळे. सर्दीची क्लोरफेनिरामिन, लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी अमिट्रिप्टिलीन: या सगळ्या अॅसिटिलकोलिनचीच वाट अडवतात. विहिरीवर मोटर चालू आणि वर पाट फुटलेला, अशी गत. धोतराही त्याच जातीचा.

रिव्हास्टिग्मिन दुसरं भावंड एन्झाइम, ब्युटिरिलकोलिनेस्टरेझ, तेही अडवतं. पॅच ४.६ पासून, मग किमान चार आठवड्यांनी ९.५ मिलिग्रॅम. हे आकडे २४ तासांत अंगात मुरणाऱ्या औषधाचे. पोटाला सोसतो. पण तो २५ अंशांखाली ठेवायचा असतो, आणि मे महिन्यात भुसावळला पारा ४५ ला टेकतो. पत्र्याच्या खोलीत, चुलीशेजारच्या फडताळात नको. मधल्या घरातल्या कपाटात, पाकीट न फोडता ठेवा.

आंघोळीनंतर पाठीचा वरचा भाग खडखडीत कोरडा करा. तेल-पावडर नाही. जुना पॅच आधी काढायचाच. तो विसरून नवा चिकटवला की दुप्पट डोस जातो, आणि अशा चुकांनी माणसं दगावलेली आहेत. तळहाताने ३० सेकंद दाबून धरा. तीच जागा १४ दिवस परत नको, म्हणून डावी-उजवी, वर-खाली हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. घामाने सुटला तर उरलेल्या दिवसापुरता नवा लावून दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी बदला. कापून अर्धा करायचा नाही. थंडीत ओट्यावर उघड्या पाठीने ऊन खात बसणंही नको, उष्णतेने औषध जास्त मुरतं. तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर डॉक्टरांना विचारून पुन्हा ४.६ पासूनच.

४.६ च्या पॅचमध्ये औषध ९ मिलिग्रॅम असतं, म्हणजे काढलेल्या पॅचमध्ये जवळजवळ निम्मं शिल्लक. चिकट बाजू आत दुमडा, पाकिटात घालून टाका, नातवंडांच्या हाती लागू देऊ नका, मग हात साबणाने धुवा. त्याआधी डोळ्यांना बोट लावू नका.