दहा वर्षांवरच्या मुलांचं बचत खातं : काही महिन्यांच्या वापरानंतर

स्टेट बँकेत अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांसाठी दोन प्रकारची खाती आहेत. ‘पहला कदम’ कोणत्याही वयाच्या मुलासाठी, पालकासोबत. ‘पहली उडान’ दहा वर्षं पूर्ण झालेल्या आणि एकसारखी सही करता येणाऱ्या मुलासाठी, त्याच्या एकट्याच्या नावावर. दोन्हींत किमान शिल्लक ठेवायची सक्ती नाही. एटीएममधून दिवसाला ₹५,००० पर्यंत काढता येतात. इतर बँकांत नावं आणि मर्यादा वेगळ्या असतात, चौकट तीच. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या परिपत्रकानुसार दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः खातं उघडून चालवता येतं, व्यवहाराची मर्यादा बँक ठरवते आणि शिल्लक उणे जाऊ देत नाही. पालक म्हणून आईलाही नियमात मुभा आहे. ‘वडिलांनाच घेऊन या’ असं कोणी सांगितलं तर परत फिरू नका, शाखाधिकाऱ्यांशी बोला.

वापरून झालेलं मत असं की कोणती बँक निवडली यानं फारसा फरक पडत नाही. पुढची कटकट फॉर्म भरतानाच ठरते, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा नावात असतं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आडनाव आधी, आधारवर शेवटी, जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव कधी पूर्ण तर कधी नुसतं आद्याक्षर. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आईचंही नाव येतं, त्यामुळे भावंडांच्या नावांची रचनासुद्धा सारखी राहत नाही. खात्यावर आधारवरचं नाव अक्षरशः तसंच घ्या. आधारच चुकलेलं असेल तर आधी ते दुरुस्त करा, मग बँकेत जा.

सही हा दुसरा मुद्दा, आणि स्वतः चालवायच्या खात्यात सगळं त्यावरच अडतं. पाचवीतल्या मुलाची सही आठवीत तशी राहत नाही. पैसे काढायच्या स्लिपवर सही जराशी वेगळी दिसली की कर्मचारी स्क्रीनवरच्या नमुन्याशी ताडून पाहतो आणि स्लिप परत देतो. म्हणून वळणदार सही शिकवू नका. पूर्ण नाव, सुटं, शाळेच्या वहीत लिहितात तसं. फॉर्मवरच्या चौकटीएवढ्या जागेत घरी दहा-बारा वेळा करून घ्या, मगच नमुना द्या. सही अजून स्थिर नसेल तर वर्षभर पालकासोबतचं खातंच बरं.

शिष्यवृत्तीसाठी खातं हवं असेल तर हे नीट वाचा. एनएमएमएससारख्या (गरीब घरातल्या हुशार विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्राच्या) शिष्यवृत्तीचे वर्षाला ₹१२,००० थेट खात्यात येतात, पण त्यासाठी केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे काम झालं असं नाही. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार सीडिंगची (आधार खात्याला जोडायची) संमती वेगळी द्यावी लागते, आणि एका आधारवर एका वेळी एकच खातं जोडलेलं असतं. पुढे दुसऱ्या बँकेत खातं उघडताना या संमतीच्या रकान्यावर नकळत खूण झाली तर पैसे तिकडे वळतात आणि इकडे पासबुक कोरं. ‘माय आधार’च्या संकेतस्थळावर सीडिंग कुठे आहे ते दिसतं. ते पाहायला ओटीपी लागतो, म्हणजे मुलाच्या आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे व डोळ्यांची नोंद अद्ययावत करावी लागते. ती राहिली असेल तर बँकेआधी आधार केंद्र गाठा.

दोन वर्षं एकही व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं. बँकेनं जमा केलेलं व्याज व्यवहारात धरत नाहीत. शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या शून्य शिल्लक खात्यांना यातून सूट आहे, पण खातं त्या वर्गात नोंदलंय का ते शाखेत विचारून घ्या. एरवी दिवाळीत, वाढदिवसाला मिळालेली पाकिटं मुलालाच काउंटरवर भरायला लावा, आणि पासबुक तिथेच छापून घ्या.

आजी-आजोबा नातवाच्या नावावर मोठी एफडी करतात, तिचं व्याज जास्त उत्पन्न असलेल्या पालकाच्या उत्पन्नात धरलं जातं. जुन्या करप्रणालीत प्रत्येक मुलामागे वर्षाला ₹१,५०० इतकीच सूट आहे. कर वाचेल या हिशेबानं हे करू नका. आणि पतसंस्थेत मुलांचे पैसे ठेवणार असाल तर लक्षात घ्या, बँकेतल्या ₹५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही.

अठरा पूर्ण झाले की नवी सही, फोटो, असल्यास पॅन आणि नव्यानं केवायसी द्यावं लागतं. ते होईपर्यंत पैसे काढणं थांबू शकतं. अज्ञान असताना काढलेल्या पॅनवर फोटो-सही नसते, त्यामुळे आधी पॅन दुरुस्तीचा अर्ज, मग बँक. वाढदिवस मार्च ते जूनमध्ये असेल तर हे सगळं नेमकं बारावीच्या निकाल-प्रवेशाच्या गर्दीत येतं. पॅनच्या दुरुस्तीला वेळ लागतो हे धरून प्रवेशाची फी या खात्यातून भरायचं ठरवू नका, ती रक्कम पालकांच्या खात्यात तयार ठेवा.