नाफ्था रिफॉर्मरपुढील निकेल गार्ड बेड: १४ महिन्यांच्या वापरानंतर

सहा महिन्यांपूर्वी कोणी विचारले असते, तर रिफॉर्मरपुढे (नाफ्था या हलक्या पेट्रोलियम अंशाचे ऑक्टेन वाढवणाऱ्या युनिटपुढे) उरलेले गंधक धरणारा निकेलचा गार्ड बेड बसवणे म्हणजे हायड्रोट्रीटरच्या (हायड्रोजनने गंधक काढणाऱ्या युनिटच्या) उणिवांवर घातलेले महागडे पांघरूण आहे, असे मी सांगितले असते. हायड्रोट्रीटर नीट चालत असेल आणि स्ट्रिपर (त्यानंतरचा वायू वेगळे करणारा स्तंभ) हायड्रोजन सल्फाइड पुरता बाहेर काढत असेल, तर नाफ्थ्यातील गंधक ०.५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत अर्ध्या भागाच्या) आत राहते आणि आमच्या प्लॅटिनम-रेनियम उत्प्रेरकाला तेवढे पुरे, असा माझा हिशेब होता. आज ते मत मी मागे घेतो. एका त्रुटीबद्दलची नाराजी मात्र वाढली आहे.

बेड घेण्याचे कारण मागच्या सायकलमध्ये घडले. स्ट्रिपर बिघडून गंधक चढले, पहिल्या रिॲक्टरमधील तापमानाची घट आक्रसली (म्हणजे उष्णता शोषणारी अभिक्रिया मंदावली), रिसायकल गॅसमधील हायड्रोजनचे प्रमाण उतरले आणि ऑक्टेन टिकवण्यासाठी पॅनेलवरून इनलेट तापमान वाढवले गेले. खरे तर अशा वेळी ते ४८० अंशांच्या आसपास खाली आणायला हवे. प्लॅटिनमवर बसलेले बरेचसे गंधक स्वच्छ नाफ्था मिळाल्यावर हायड्रोजनबरोबर निघून जाते, पण तापवलेल्या उत्प्रेरकावर त्या दिवसांत साचलेला कोक (कार्बनचा थर) रिजनरेशनपर्यंत, म्हणजे तो जाळून उत्प्रेरक ताजा करेपर्यंत, हलत नाही. आम्हाला रिजनरेशन वेळेआधी करावे लागले, आणि कोक जाळताना फर्नेसच्या नळ्यांमधील लोह सल्फाइडमुळे उत्प्रेरकाचा आधार असलेल्या ॲल्युमिनावर सल्फेट बसण्याची धास्ती होतीच.

नव्या बेडने पहिले आठ महिने काहीच दाखवले नाही. आउटलेटचा नमुना सतत ०.१ पीपीएमच्या खाली येत होता. म्हणून प्रयोगशाळेचा खर्च वाचवण्यासाठी आम्ही इनलेटचा नमुना तपासणे बंद केले. ही काटकसर माझ्याच सहीने झाली. नवव्या महिन्यात क्रूड बदलले म्हणून सहज इनलेट तपासला, तर ४ पीपीएम! हायड्रोट्रीटरच्या फीड-एफ्लुएंट एक्स्चेंजरची (बाहेर पडणाऱ्या नाफ्थ्याच्या उष्णतेने आत जाणारा नाफ्था तापवणाऱ्या उपकरणाची) नळी गळत होती आणि कच्चा नाफ्था थेट शुद्ध केलेल्या नाफ्थ्यात मिसळत होता. राखून ठेवलेले जुने नमुने तपासल्यावर ही गळती तीन आठवड्यांची निघाली. त्या तीन आठवड्यांत रिफॉर्मरला काहीही जाणवले नाही, कारण निकेलने मर्कॅप्टन हे गंधकाचे संयुग तर धरलेच, झिंक ऑक्साइड या दुसऱ्या शोषकाला दाद न देणारे थायोफीन हे गंधकाचे संयुगसुद्धा धरले. त्या दिवशी माझे मत फिरले.

मात्र हिशेब मांडल्यावर समाधान ओसरले. ताशी ४० टन फीडमध्ये ०.३ पीपीएम गंधक धरले, तर वर्षाला सुमारे १०५ किलो होते. ४ पीपीएमने तीन आठवड्यांतच ८० किलो गेले, म्हणजे नऊ महिन्यांची शिदोरी संपली. पुरवठादाराने तीन वर्षांच्या हमीने दिलेल्या बेडमध्ये आता जेमतेम साडेतेरा महिन्यांची क्षमता उरली असावी, आणि शटडाऊन २२ महिने दूर आहे.

“असावी” एवढेच म्हणता येते, आणि माझा सारा राग त्यावरच आहे. या व्हेसलला (बेड ज्यात भरला आहे त्या टाकीला) बेडच्या मध्यावर नमुना घेण्याची तोटीच नाही. गंधकाची आघाडी (गंधकाने भरलेल्या निकेलची सीमा) कुठवर उतरली आहे, हे दोन-तृतीयांश उंचीवरचा एक नमुना सांगू शकला असता. आउटलेटला गंधक दिसेल तेव्हा ते उत्प्रेरकापर्यंत पोहोचलेले असेल. खरेदीच्या वेळी आम्ही ती तोटी मागितली होती, परंतु किंमत कमी करताना पुरवठादाराने ती गाळली, आणि आता त्याचे उत्तर असे की आउटलेटवर लक्ष ठेवा. एवढ्या महाग निकेलवर एका तोटीचे पैसे वाचवणे मला पटत नाही. चालू व्हेसलला आता भोक पाडता येत नाही, आणि वापरलेले निकेल हवा लागताच पेट घेऊ शकते, म्हणून ते नायट्रोजनखालीच उतरवावे लागेल.

पदार्थ म्हणून मी हा बेड पुन्हा घेईन. पुढच्या मागणीपत्रात तोटीचे रेखाचित्र जोडलेले असेल, आणि तोवर इनलेटचा नमुना दर शिफ्टला जातो.